झोपलेल्या बाळाला दुधासाठी उठवायचं का?

त्या रविवारी विहारात वंदना आटोपली आणि बाहेर चपला शोधत असताना एका बाईंनी मला गाठलं. "जयभीम सिस्टर, एक विचारायचं होतं." निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी वस्तीत मी अजून सिस्टरच आहे. बाईंच्या सुनेला मुलगी झालेली, आठ दिवसांची. जन्माच्या वेळी वजन २ किलो ४०० ग्रॅम. दवाखान्यातून सोडताना तिथल्या नर्सने सांगितलं होतं, दर दोन-तीन तासांनी पाजा, झोपली असेल तर उठवून पाजा. घरात यावरून दोन तट पडले होते. "सासूबाई म्हणतात, झोपल्या लेकराला उठवू नये, भूक लागली की रडेल ते आपोआप. सून म्हणते, नर्सबाईंनी सांगितलंय. रात्री दोन वाजता आमच्याकडे सभा भरते. कुणाचं ऐकू?"

मी म्हटलं, दोघींचंही बरोबर आहे, पण आज सुनेचं ऐका. सासूबाईंचं थोड्या आठवड्यांनी ऐकू.

चपला घालता घालता एवढंच सांगता आलं. पण हा प्रश्न त्या एका घराचा नाही. नोकरीच्या काळात प्रत्येक बाळंतिणीच्या खाटेशी तो मला कुणी ना कुणी विचारला आहे, म्हणून या वेळचं पान त्यालाच देते.

आधी सरळ उत्तर. जन्मापासून साधारण पहिले दोन आठवडे, म्हणजे बाळ आपल्या जन्माच्या वजनावर परत येईपर्यंत, त्याला उठवून पाजायचं. दिवसा तीन तासांच्या वर आणि रात्री फार तर चार तासांच्या वर अंतर पडू द्यायचं नाही. हे अंतर मोजायचं ते एकदा पाजायला घेतल्यापासून पुढच्या वेळी पाजायला घेईपर्यंत. पुष्कळ जणी पाजून संपल्यापासून मोजतात, आणि बाळ पाऊण तास अंगावर असलं तर तीनाचे पावणेचार तास कधी होतात ते कळत नाही. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं झालं पाहिजे. बाळ अडीच किलोच्या आतलं असेल, दिवस पुरे भरण्याआधी जन्मलं असेल किंवा त्याला कावीळ असेल, तर रात्रीसुद्धा दोन-तीन तासांच्या वर थांबायचं नाही. वरच्या दुधावरच्या बाळालाही सुरुवातीला हाच हिशोब लावायचा, आणि जुळी असतील तर एक उठलं की दुसऱ्यालाही उठवायचं, नाहीतर आईची रात्र पाजण्यातच जाते.

आता कारण. कारण कळलं नाही तर दोन दिवस कुणी ऐकतं आणि तिसऱ्या दिवशी सोडून देतं.

"भूक लागली की रडेल" हे दोन महिन्यांच्या बाळाबद्दल खरं आहे. चार दिवसांच्या बाळाबद्दल ते नेहमी खरं नसतं. रडायलाही ताकद लागते. पोटात दूध कमी गेलं की अंगातली साखर कमी होते, बाळ मलूल होतं, आणि मलूल बाळ उठून मागण्याऐवजी आणखी झोपतं. बाहेरून बघणाऱ्याला ते शांत झोपलेलंच दिसतं. लहानखुऱ्या बाळाच्या अंगात चरबीचा साठा कमी असतो, त्यामुळे त्याला उपास अजिबात झेपत नाही.

काविळीचंही असंच चक्र आहे. नवजात बाळाला थोडी कावीळ पुष्कळदा होते. ती पिवळी द्रव्यं मुख्यतः शीवाटे बाहेर पडतात. दूध कमी, तर शी कमी; शी कमी, तर पिवळेपणा अंगात साठतो; आणि कावीळ वाढली की बाळाला गुंगी येते, ते पीत नाही. फार वाढलेली कावीळ मेंदूला कायमची इजा करू शकते. हे चक्र बाळ स्वतः तोडू शकत नाही, घरातल्या मोठ्या माणसांनीच तोडायचं असतं.

तिसरं कारण आईकडचं. जेवढं दूध निघतं तेवढं तयार होतं. पहिल्या दोन आठवड्यांत, त्यातही रात्री, बाळ अंगावर लागलं तर दूध टिकतं आणि वाढतं. बाळ झोपूनच राहिलं तर आईला आधी गाठी येतात, ताप येतो आणि मग दूध उतरायला लागतं. "हिला दूधच नाही" असं ज्या सुनांबद्दल बोललं गेलं, त्यातल्या कितीतरी जणींचं बाळ पहिल्या आठवड्यात फक्त जास्त झोपलेलं असतं. त्यानंतर घरात डबा येतो आणि दर आठवड्याला त्याचे पैसे भरत बसावं लागतं.

हे मी दुसऱ्यांना शिकवते, पण एकदा मीच चुकले आहे. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी भाची पहिलटकरीण, छत्तिसाव्या आठवड्यात बाळंत झाली. मुलगी, वजन २ किलो ३०० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून सुटी झाली. पाचव्या दिवशी मी ताईला फोन केला. ताई कौतुकाने सांगत होती, "लेकरू इतकं गुणी आहे, रडणं म्हणून माहीत नाही. पाच-पाच तास झोपतं." मी तेव्हा सव्वीस वर्षांची नोकरी झालेली नर्स. मी म्हटलं, "झोपू दे. त्या निमित्ताने पोरीलाही आराम." टाके कसे आहेत, पोरगी जेवते का, सगळं विचारलं. लंगोट किती ओले होतात, एवढं विचारलं नाही.

सातव्या दिवशी गावातली आशाताई आपली पिशवी घेऊन आली. काट्याला पिशवी लावून तिने बाळाचं वजन केलं. २ किलो २० ग्रॅम. तिने दुपटं पूर्ण सोडलं, उजेडात नेलं, मांडीवर बोट दाबून सोडलं. कातडी पिवळी होती. काल सकाळपासून लंगोट किती बदलले ते विचारलं. तीन. त्यातल्या एकावर विटकरी रंगाचा डाग. मग तिने बाळाच्या तळव्याला बोट घासलं. बाळाने डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले. ताईने चहा टाकला होता. ती म्हणाली, "मावशी, चहा नको, आधी गाडी बोलवू."

मुलीला जिल्ह्याच्या नवजात शिशू कक्षात पाच दिवस निळ्या प्रकाशाखाली ठेवलं. आधी नळीने आणि मग वाटी-चमच्याने आईचंच काढलेलं दूध दिलं. विसाव्या दिवशी ती जन्माच्या वजनाला आली. आज तिसरीत आहे आणि रात्री अकरा वाजले तरी झोपत नाही. पण त्या सात दिवसांत तिचं २८० ग्रॅम वजन गेलं होतं, म्हणजे जन्माच्या वजनाच्या बारा टक्के. पहिल्या काही दिवसांत सगळ्याच बाळांचं वजन थोडं उतरतं. शंभरात सातपर्यंत उतरलं तर काळजी नाही, दहाच्या पुढे गेलं की दाखवायलाच हवं. ताईच्या घरात सहा मोठी माणसं होती, फोनवर एक नर्स होती, आणि काटा लावला तो फक्त आशाताईने.

म्हणून तिला दारातून परत पाठवू नका. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर जन्मापासून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने घरी येऊन बाळाला बघायचं असतं. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायांना शिकवून सिद्ध केली. १९९९ मध्ये ते काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई ते करू लागल्या. ती आली नाही तर तिला फोन करा. सगळ्यांसमोर वजन करायला लावा, आणि जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी शेजारी लिहून ठेवा.

दोन भेटींच्या मध्ये वजनकाटा घरात नसतो, लंगोट असतात. पहिल्या दिवशी एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, आणि पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा चांगले ओले लंगोट झाले पाहिजेत. लघवी पाण्यासारखी फिकी हवी. पहिल्या दोन दिवसांनंतर विटकरी डाग दिसत राहिले तर दूध कमी पडतंय. शी आधी काळी चिकट, मग हिरवट, आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. पाचव्या दिवशीही ती काळीच असेल तर थांबू नका. पहिले दोन आठवडे डायपर नकोच, असं माझं मत आहे. डायपर किती भिजलं ते हाताला कळत नाही, आणि बाळंतिणीच्या घरात जुन्या सुती लुगड्यांचे तुकडे असतातच. सुनेने दर लंगोटाला कॅलेंडरवर रेघ मारली की रात्रीच्या सभेत वाद घालायला पुरावा मिळतो.

आता उठवायचं कसं. बऱ्याच घरांत उठवणं म्हणजे गाल ओढणं, टिचक्या मारणं, तोंडावर पाणी शिंपडणं. यातलं काहीच करू नका, आणि बाळाला गदागदा हलवायचं तर कधीच नाही, त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. बाळाची झोप दोन प्रकारची असते. गाढ झोपेत हात सैल पडलेले असतात, श्वास एकसारखा असतो. तेव्हा उठवायला गेलात तर घाम तुम्हालाच फुटतो. थोडं थांबा. सावध झोपेत पापण्यांखाली बुबुळं हलतात, ओठ चुटचुट करतात, मूठ तोंडाकडे जाते, मान इकडेतिकडे वळते. ही भुकेची पहिली खूण. रडणं ही शेवटची खूण आहे, आणि रडून थकलेलं बाळ नीट लागतही नाही. वेळ होत आली की या सावध झोपेवर नजर ठेवा. पण तीन तास उलटून गेले असतील तर खुणेची वाट बघायची नाही.

पहिल्यांदा दुपटं सोडा. घट्ट गुंडाळलेलं, टोपडं-कुंची घातलेलं, वर गोधडी, शेजारी शेगडी, अशा उबेत मोठा माणूससुद्धा उठणार नाही. लंगोट बदला. मग बाळाला फक्त लंगोटावर आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लागेल असं ठेवा आणि दोघींवर मिळून पांघरूण घाला. आईच्या अंगाचा वास आणि ऊब यांनी बहुतेक बाळं पाच-दहा मिनिटांत तोंड शोधायला लागतात. पाठीवरून बोटं फिरवा, तळवे चोळा, नावाने हाक मारा. दूध हाताने थोडं काढून ओठांना लावा. मोठा दिवा नको, बारीक उजेड पुरे; झगझगीत उजेडात बाळ डोळे मिटूनच घेतं.

अंगावर लागलं आणि दोन मिनिटांत झोपलं, ही पुढची तक्रार. तोंड हलतंय म्हणजे पितंय असं नाही. गिळल्याचा बारीक आवाज ऐकू आला पाहिजे. चोखणं मंदावलं की आईने स्तन हाताने हलकेच दाबायचा, धार येते आणि बाळ परत गिळायला लागतं. तरीही झोपलं तर काढून उभं धरा, ढेकर काढा, दुसऱ्या बाजूला घ्या. तासभर झगडूनही बाळ पुरेसं पीत नसेल तर दूध स्वच्छ वाटीत काढून चमच्याने किंवा बोंडल्याने थोडं थोडं द्या. वाटी, चमचा, बोंडलं उकळलेलं हवं. बाळ जागं आणि बसतं धरलेलं हवं. झोपेतल्या बाळाच्या तोंडात दूध ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. मध, गुळाचं पाणी, गुटी, यातलं काही नको. "गुटीने लेकरू छान झोपतं" हे तर गुटी न देण्याचंच कारण आहे.

शेक-मालीश-अंघोळ-धुरी झाली की बाळ चार-पाच तास ढिम्म झोपतं, तेव्हा अंघोळीआधी थोडं पाजून घ्या आणि नंतरची वेळ घड्याळाने पाळा. धुरी मात्र बंदच करा, तो धूर बाळाच्या छातीत जातो. कमी वजनाच्या बाळाला सुरुवातीला अंघोळ न घालता कोमट ओल्या फडक्याने पुसलं तरी चालतं.

झोपणारं बाळ म्हणजे चांगलं बाळ, ही समजूत कुठून आली असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. गरिबाच्या घरात बाळाने झोपणं ही सोय नव्हती, ती गरज होती. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकरांना अफूची गोळी देत. तिला बाळागोळी म्हणत. आई दिवसभर साच्यावर आणि लेकरू खोलीत निपचित. त्या बायांना दोष देण्यात अर्थ नव्हता. रजा नव्हती, खाडा झाला तर पगार कापला जाई. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचं आणि भत्त्याचं विधेयक आलं तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला आणि बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, असं सांगितलं. १९२९ मध्ये तो कायदा झाला. आज कायद्याने सव्वीस आठवड्यांची रजा आहे, पण वीटभट्टीवर, कापसात, घरकामाला जाणाऱ्या आपल्या कितीतरी पोरींपर्यंत ती पोचत नाही. निदान पहिला महिना तरी घरच्यांनी तिला कामातून मोकळं ठेवावं, कारण दिवसातून दहा-बारा वेळा पाजणं हेच पूर्ण वेळेचं काम आहे.

आणि रात्रीचा गजर एकट्या आईने का लावावा? तिला उठावं लागणारच, पण बाळाला उठवणं, लंगोट बदलणं, आणून देणं आणि नंतर ढेकर काढून निजवणं हे बाळाच्या बापाला जमतं. माझ्या वॉर्डात मी बापांना लंगोट बांधायला शिकवायचे. काही लाजायचे, पण शिकायचे.

उठवणं थांबवायचं कधी? पूर्ण दिवसांचं, अडीच किलोच्या वरचं बाळ जन्माच्या वजनावर परत आलं, त्यानंतर रोज वीस-तीस ग्रॅम, म्हणजे आठवड्याला साधारण दीडशे-दोनशे ग्रॅम वाढू लागलं, लंगोट सहाच्या वर भिजत असले आणि दिवसा ते स्वतःहून मागून पीत असलं, की रात्री त्याला झोपू द्या. चार तास झोपू दे, पाच तास झोपू दे. आता सासूबाईंचं खरं. तेव्हाही घड्याळ घेऊन उठवत बसणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्याने बाळही किरकिरं होतं आणि आईही आजारी पडते. छाती फार भरून दुखत असेल तर मात्र आईने स्वतःसाठी बाळाला खुशाल घ्यावं. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाचं उठवणं डॉक्टर सांगतील तेव्हाच थांबवायचं. मध्येच वजन वाढायचं थांबलं तर पुन्हा घड्याळ.

एक गोष्ट यापेक्षा वेगळी आहे आणि ती घरी सोडवायची नाही. झोपाळू बाळ उठवलं की उठतं, लागतं, ओढून पितं. आजारी बाळ उठवूनही उठत नाही, किंवा उठलं तरी ओढत नाही. लागोपाठ दोन वेळा असं झालं, किंवा आधी नीट पिणारं बाळ अचानक प्यायचं थांबलं, तर तिसऱ्या वेळेची वाट बघू नका. पोट आणि पाय गार लागणं, ताप, मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, झटके, टाळू खोल जाणं, पहिल्याच दिवशी दिसलेली कावीळ, तळहात-तळपाय पिवळे होणं, यातलं एकही दिसलं तरी रात्र असो की पाऊस असो, निघायचं. १०२ किंवा १०८ ला फोन करा. आजारी नवजात बाळाचा सरकारी दवाखान्यातला उपचार, औषधं आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर देऊ नका, तक्रार करा. वाटेत बाळाला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून न्या.

विहारातल्या त्या बाईंचा शनिवारी फोन आला. चौदाव्या दिवशी आशाताई येऊन गेली होती. वजन २ किलो ४३० ग्रॅम, कालचे लंगोट सात. मागून सासूबाईंचा आवाज येत होता. "त्या विचारताहेत," बाई म्हणाल्या, "आता तरी झोपू द्यायचं का लेकराला?"

मी म्हटलं, आजींना सांगा, अजून नाही. अडीच किलोच्या वर जाऊ द्या, पुढच्या वजनाचा आकडा मला कळवा आणि डॉक्टरांनाही दाखवून विचारा.